एका गजात आठ ठोके

तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड, वाजवणारे सहा जण, त्यांची ती प्रमुख. सत्तावीस वर्षं एकच खुर्ची. गज कुठे वर न्यायचा, कुठे खाली ओढायचा, याच्या खुणा सहाही कागदांवर तिनंच पेन्सिलीनं करायच्या. मग सहा गज एकदम हलायचे. तिच्या खुणेवर कुणी शंका काढत नसे. काढली तर ती अशी बघायची, की समोरच्यानं स्वतःच्याच कानाला दोष द्यावा.

आणि आता तिचा उजवा हात कापायला लागला होता.

डावा कापला असता तर निभावलं असतं. डाव्या हाताचं बोट तारेवर थरथरलं, तर लोक म्हणतात काय भाव आहे! उजवा कापला की गज तारेवर उड्या मारतो. ते शेवटच्या रांगेतल्या डुलक्या घेणाऱ्यालाही ऐकू जातं.

नेमके याच वेळी नवे संचालक आले. सहांतले पाचच ठेवायचे, प्रत्येकानं एकट्यानं वाजवून दाखवायचं. सत्तावीस वर्षांचा निकाल सव्वातीन मिनिटांत! ज्याला उद्या कुठे झोपायचं याची काळजी नसते, त्यालाच असल्या परीक्षा सुचतात. तुकडाही निवडला तो जिवावर उठलेला. मायनर पट्टी, तीही अशी की एकही तार मोकळी सोडता येत नाही. मिनिटाला पन्नास ठोके. आवाज जेमतेम कुजबुजीएवढा, आणि एका गजात, म्हणजे एका ओढीत, आठ ठोके, न तुटता. वर लिहिलेलं, ‘संथ, शोकाकुल’. जलद तुकडा तिनं हसत वाजवला असता. घाईत हाताला कापायला सवड नसते. संथ लयीत माणूस उघडा पडतो.

"कप ठेव खाली, बशी वाजतेय," परीक्षेच्या दिवशी सकाळी ताई म्हणाली. थोरली बहीण, गुडघ्यांनी घरात बसवलेली. राहायच्या दोन खोल्या नाट्यगृहाच्याच होत्या. खुर्ची गेली की खोल्याही गेल्या.

"थंडी आहे."

"पंखा चालू आहे, बाई."

"तू पंख्याकडे बघू नकोस, चहा पी."

ती तासभर आधीच तालमीच्या खोलीत पोचली. आपला कागद काढला, खोडरबर घेतलं, आठ ठोके एका गजात बांधणारी लांब कमान पुसली आणि दोन आखूड कमानी काढल्या. चार आणि चार. आखूड गजाला जोर देता येतो, मग हात कमी कापतो. आपला कागद, आपला गज, कुणाचं काय जातंय?

पण एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. परीक्षेला सगळ्यांसाठी एकच कागद ठेवायचा होता. शिपायानं तोच उचलला, जो नेहमी बरोबर असतो. तिचा.

बाहेरच्या बाकावर बसून तिनं ते दाराआडून ऐकलं. पहिल्यानं चौथ्या ठोक्यावर गज तोडला. दुसरीनंही तोडला. तिसरा, चौथा, सगळे तिच्या खुणेबरहुकूम, आज्ञाधारक मेंढरांसारखे. शोकाचा सूर मधेच उचकी लागल्यासारखा व्हायचा आणि आतून आवाज यायचा, "पुन्हा तेच! श्वास का तोडता?" उठून सांगावं, तर गज का तोडला हेही सांगावं लागणार. ती बसून राहिली.

पाचवा बारक्या, तिच्याच शेजारी बसणारा. दोन वर्षांच्या पोरीचा बाप, पण नाव बारक्याच राहिलेलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"मावशी, मला म्हणाले, तुला कानच नाहीत. सामान आवर म्हणाले."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? खूण तुमची होती. तुमचं नाव घ्यायचं होय?" तो हसायला गेला, जमलं नाही. "तुम्ही केलीये म्हणजे काहीतरी असेलच. मलाच जमलं नसणार."

त्यानं तिला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ती उठली. आत जाऊन तिनं कागद संचालकांकडे फिरवून ठेवला.

"ही खूण माझी आहे. आज सकाळी केलेली. आधी आठांना एकच गज होता. त्यांना बोलू नका."

संचालकांनी चष्मा वर सरकवला. "का बदललीत?"

"हात कापतो माझा."

हे वाक्य तिनं आजवर ताईलाही सांगितलं नव्हतं.

"मूळ गजानं वाजवा."

तिनं वाजवलं. तिसऱ्याच ओळीत गज तारेवर नाचायला लागला, कर्र कर्र, सगळ्या खोलीभर. पटकन उरकून टाक, असं अंगातलं हाडन् हाड ओरडत होतं. मिनिटाला साठ ठोक्यांवर गेली असती तर निम्मी थरथर झाकली गेली असती. ती पन्नासवरच राहिली. सव्वातीन मिनिटं म्हणजे सव्वातीन मिनिटं.

"लय तसूभरही हलली नाही," संचालक म्हणाले. कौतुक होतं की नोंद, कळलं नाही. "डॉक्टरांचा कागद आणा, मग बघू. तोवर शेवटच्या खुर्चीवर. आत्ता त्या सगळ्यांना परत बोलवा. आठांना एक गज."

म्हणजे पाचांत कोण, ते अजून ठरायचंच होतं. बारक्याचं, तिचं, सगळ्यांचंच.

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत बारक्या तिच्या रिकाम्या झालेल्या पुढच्या खुर्चीवर बसायलाच तयार नव्हता. "बस रे," ती खेकसली, "आणि मागे वळून बघू नकोस. पुढे बघणाऱ्याच्या मागे जाता येतं." डॉक्टरांची वेळ दुपारी चारची होती. शेवटच्या खुर्चीवर तिनं गज तारेवर टेकवला आणि त्याचा गज कधी हलतो याची वाट बघत राहिली.