कौशल्याबाई आणि सुईवाली बाई

उंद्रीच्या पलीकडे एका लहानशा गावात कौशल्याबाई गेली चौदा वर्षं अंगणवाडी चालवतात. मी त्यांची पर्यवेक्षिका, म्हणजे महिन्यातून एकदा येऊन रजिस्टरं बघायची, चहा प्यायचा आणि चार चुका काढून निघायचं. बाई कडक. आकडे म्हणताना पोराने एक जरी आकडा गाळला, तरी पुन्हा एकपासून सुरू. सुईला मात्र त्या भयंकर घाबरतात. स्वतःला लस घेताना त्यांनी मदतनीस अन्नपूर्णाबाईंचा हात इतका दाबला, की त्या बिचारीला दोन दिवस भाकरी थापता आली नाही.

आणि याच बाई पोरांना गप्प करायला सुईचाच धाक घालायच्या. "रडून राह्यली काय? थांब, सुईवाल्या बाईले बोलावू का? धरून नेईन तुले!" लस द्यायला नर्सबाई अंगणवाडीतच येत, त्यामुळे धाक हमखास लागू पडायचा. मीही तो ऐकला होता, वर हसलेही होते.

दिवाळीनंतर चार वर्षांची महनूर अंगणवाडीत बोलेनाशी झाली. घरी तोंडाला विसावा नाही, इथे आली की दाराआडचा कोपरा धरायची. फाटकाची कडी वाजली की चड्डीत शू. बाईंनी तिचं वजन केलं, ते बरोबर भरलं; रजिस्टरात पोर ठणठणीत. शेवटी तिचे वडील हैदर, बाजारात बांगड्यांचं दुकान लावतात ते, येऊन म्हणाले, "बाई, या महिन्यात नाही बोलली तर नाव काढून टाका. पोरगी घरीच बरी." आई खैरुन्निसाला मुलीने शिकावं असं फार वाटत होतं. पण ती मागे उभी राहून नुसती ओढणीचं टोक पिळत राहिली.

त्याच आठवड्यात चिखलीला आमचं प्रशिक्षण होतं. विषय, लहान मुलांच्या मनाची काळजी. "पोटाची घेऊन राह्यलो तेच पुरे झालं, आता मनाची बी?" बाई बसमध्ये कुरकुरल्या. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या प्रेरणाताईंनी विचारलं, रडणाऱ्या मुलाला तुम्ही काय म्हणता, खरं सांगा. कुणी बागुलबुवा म्हणालं, कुणी पोलीस, कुणी कुत्रं. हशा पिकला. कौशल्याबाईंनी मोठ्या ऐटीत आपली सुईवाली बाई सांगितली. प्रेरणाताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग ते मूल दिवसभर कुणाची वाट बघत बसत असेल?"

दुपारी बाईंनी जेवण टाकलं. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "म्याडम, ते पोरगी फाटकाकडंच पाहे हो. माह्यामुळं." त्या धाकावर हसले तर मीही होतेच.

गावात परतल्यावर बाई तडक हैदरभाईंच्या घरी गेल्या आणि महनूरसमोर जमिनीवर बसल्या. "बेटा, म्या खोटं सांगितलं व्हतं. सुईवाली बाई कोनाले धरून नेत नाही. सुई दुखते, पन दहा मोजलं का थांबते. मले बी लय भेव वाटते तिचं." बाई चार वर्षांच्या पोरीची माफी मागत आहेत, हे बघून हैदरभाई चहा विचारायचंही विसरले. महनूर मात्र आईच्या ओढणीआड गेली.

पुढे तीन आठवडे बाई रोज त्या कोपऱ्याजवळ बसून मटकी निवडायच्या. बोल, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. हळूहळू महनूर सरकत सरकत त्यांच्या मांडीला टेकली. शू व्हायची थांबली. पण शब्द नाही, आणि महिन्याचे चारच दिवस उरले होते.

त्या दिवशी लसीकरण होतं, मीही गेले होते. खाऊच्या डब्याचं गंजकं झाकण उघडताना बाईंची करंगळी चांगलीच चिरली. नर्स सिंधूताई म्हणाल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन आत्ताच घ्या. बाई पांढऱ्याफटक पडल्या. (मुद्दाम कापून घेतलंत का, असं मी नंतर छेडलं, तर उसळून म्हणाल्या, "मुद्दाम कोन कापून घेईन, म्याडम? जीव चालला व्हता माहा!") पळायची सोय नव्हती, सगळी पोरं बघत होती. बाईंनी दंड पुढे केला आणि डोळे घट्ट मिटले.

त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटं कुणीतरी धरली. महनूर होती.

"एक," ती म्हणाली. आवाज बारीक, पण स्वच्छ. "दोन. तीन."

सुई गेली, निघाली, सिंधूताईंनी कापूसही लावला. ती मोजतच होती. दाराशी खैरुन्निसा लेकीला न्यायला आली होती, तिने ओढणी तोंडात कोंबली. माझ्या छातीवरचा दगड उतरला, खोटं कशाला सांगू.

"सहा. सात. नऊ. दहा. हो गया, बाई."

"आठ राह्यला!" मागून एक पोर ओरडलं.

कौशल्याबाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"बरोबर मोजलं, बेटा," त्या म्हणाल्या.