पाहिल्याची सही

हे मी घरीसुद्धा कधी बोलले नाही. बोलणार तरी कोणापुढे? कर्करोग विभागाची मुख्य सिस्टर म्हणून ज्यांनी माझे सत्कार केले, त्यांच्यापुढे?

आधी आमचा नियम सांगते. केमोचं औषध सुरू करण्यापूर्वी दोन सिस्टरांनी पेशंटच्या उशाशी उभं राहून नाव, डोस आणि हातातली नस तपासायची. मग कागदावर दोघींच्या सह्या. हा नियम मीच आणला. केवढं कौतुक झालं माझं! पण सकाळी वॉर्ड भरलेला, प्रत्येकाला गावची बस गाठायची — आणि मी काय करायचे? चहा पिता पिता सगळ्या कागदांवर दुसरी सही आधीच ठोकून मोकळी व्हायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. मला कोण बोलणार?

वैशाली वडनेरची, कामाला लागून वर्ष झालेलं. हात इतका हलका की पेशंट तिलाच मागायचे. त्या दिवशी तिला पुलगावकडच्या शेवंताबाईंना लाल औषध लावायचं होतं. ते नसेबाहेर गेलं तर आतलं मांस जाळतं. तिनं पलंगापासून मला हाक मारली.

"मॅडम, ही नस मले बरोबर नाई वाटून राह्यली. एकदा पाहता का?"

तपासणी पथक येणार म्हणून मी फायली लावत बसले होते. मान वर केली नाही. "सही आहे ना माझी? मग लाव," म्हटलं.

तिनं लावलं.

पुढच्या काही दिवसांत शेवंताबाईंच्या हाताची कातडी काळी पडली, जखम खोल गेली, ऑपरेशन करावं लागलं. उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. जन्मभर कापूस वेचलेली बाई ती.

चौकशीत मोठ्या डॉक्टरांनी मला एकच विचारलं — नस तुम्ही पाहिली होती? वैशाली शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "हो सर. मी पाहिली तेव्हा ठीक होती."

'नाही' म्हणायला असा किती वेळ लागला असता? घाबरले, हे खरं. पण त्याहून खरं हे — मला माझी खुर्ची प्यारी होती. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. सलाईन लावायला तिला मीच शिकवलं होतं. महिन्याभरात तिची नोकरी गेली. आता गावीच असते. शेजारी कोणी इंजेक्शन द्यायला बोलावलं तरी जात नाही म्हणे.

शेवंताबाई अजून तपासणीला येतात. मागच्या खेपेला डाव्या हातानं मला संत्री देत म्हणाल्या, "त्या पोरीले काई म्हणू नोका, बाई. तिनं तुमाले बोलावलं होतं. म्या आयकलं."

मी संत्री घेतली.

आता मी प्रत्येक नस स्वतः पाहते. त्यानं वैशालीचं काय होणार?

नव्या सिस्टर आल्या की पहिल्याच दिवशी मी त्यांना हा प्रसंग सांगते. नाव घेत नाही. नस नीट न पाहता औषध लावणारी एक निष्काळजी मुलगी आमच्याकडे होती, असं सांगते. मुली वहीत उतरवून घेतात.