राजपुत्रांची दाढदुखी

आमची आत्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं आधी घरातली कपाटं रंगवली, मग खिडक्या, मग स्वयंपाकघराचं दार. तेच दार दुसऱ्यांदा रंगवायला घेतलं तेव्हा आई बाबांना म्हणाली, "तुमच्या बहिणीला काहीतरी काम बघा. आता घरात न रंगवलेली मीच उरलेय."

बाबांचा एक मित्र वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी सांभाळायचा. त्यानं आत्याला चित्रांच्या प्रदर्शनांवर लिहायला सांगितलं. आत्या लिहू लागली, पण शाळेची सवय सुटेना. प्रत्येक लेखाखाली ती दहापैकी गुण द्यायची. संपादकांनी एकदा ते गाळले, तर वाचकांनी फोन करकरून त्यांना भंडावून सोडलं. बहुतेकांच्या वाट्याला साडेचार यायचे, म्हणून चित्रकार मंडळी तिला पाठीमागे 'साडेचारबाई' म्हणायची. हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती रागावेल असं आम्हाला वाटलं होतं. ती म्हणाली, "चला, म्हणजे वाचतात."

एकदा संपादकांनी तिला एका फॅशन फोटोग्राफरच्या प्रदर्शनाला पाठवलं. या माणसाचं होर्डिंग नाही असा चौक शहरात सापडला नसता. शर्ट, घड्याळं, अत्तरं, सगळ्या जाहिराती त्याच्या. आता त्यानं जाहिराती बाजूला ठेवून तरुण मुलांची छायाचित्रं मांडली होती आणि प्रदर्शनाला नाव दिलं होतं 'उद्याचे राजपुत्र'. मी तेव्हा कॉलेजात होते. राजपुत्र म्हटल्यावर मी तिची पिशवी उचलायला एका पायावर तयार.

जुन्या कापडाच्या गोदामात गॅलरी केली होती. भिंती पांढऱ्या, फरशी इतकी गुळगुळीत की बायका एकमेकींचा हात धरून चालत होत्या. आत्यानं घडीची खुर्ची उघडली आणि पहिल्या चित्रापुढे ठाण मांडलं. मग दुसऱ्यापुढे. प्रत्येकापुढे ती खुर्ची हलवत गेली आणि मी मागून पिशवी घेऊन. मला तर सगळेच राजपुत्र पसंत पडत होते.

काळ्या कपड्यांतला, केसांची शेंडी बांधलेला फोटोग्राफर शेवटी स्वतःच जवळ आला. "कसं वाटलं, बाई?"

"बघतेय अजून," आत्या म्हणाली. शाळेत ती असं म्हणाली की पुढचं वाक्य वाईट असायचं, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

घरी येऊन तिनं जेवणाच्या टेबलावर बसून लेख लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला. त्यातला थोडा मला अजून पाठ आहे. 'प्रकाशावर या माणसाची हुकमत आहे, पण त्या प्रकाशात तो दाखवतो काय? प्रत्येकाचा डावा गाल अंधारात. शहरातल्या तरुणांना डावा गाल नसतो की काय? ओठ घट्ट मिटलेले, नजर वर छताच्या कोपऱ्याकडे, हात खिशात नाहीतर चौकटीबाहेर. यांतल्या एकालाही घरी आई असेल, कोणी कधी जेवायला हाक मारली असेल, असं वाटत नाही. जाहिरातीत मुलींना हसायची सक्ती असते आणि मुलांना हसायची बंदी. दोन्हीकडे माणूस बाहेरच उभा. फोटोग्राफर याला गूढपणा म्हणतात. मला तर वाटलं, सगळ्या राजपुत्रांची एकाच वेळी दाढ दुखतेय.' खाली गुण, साडेचार. त्यातले चार प्रकाशाला.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

रविवारी लेख छापून आला आणि गंमतच झाली. चौकातल्या होर्डिंगखाली कोणीतरी खडूनं दंतवैद्याकडे जाण्याचा बाण काढला. लोक गालावर हात धरून फोटो काढायला लागले. फोटोग्राफरनं संपादकांना फोन करून सांगितलं, की या बाईंनी मुलींच्या भरतकामाला गुण द्यावेत. आत्यानं त्यावर "भरतकाम माझ्याकडे नव्हतंच" एवढंच उत्तर कळवलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी दाराची बेल वाजली. आईनं दार उघडलं आणि ती तिथेच थिजली. दारात होर्डिंगवरचा मुलगा उभा होता. घड्याळाच्या जाहिरातीतला, चार मजली उंचीचा. आता तो दारात मावेल एवढा झाला होता, पण आईला ते पचायला वेळ लागला.

"वन्सं," तिनं आत हाक मारली, "तुमच्याकडे तो... तो घड्याळ आलाय."

मुलगा आत आला, चपला दाराशी नीट लावल्या आणि आत्याला म्हणाला, "बाई, तुम्ही लेखात लिहिलंत ना दाढेचं? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"माझी खरंच दुखत होती."

आत्याचा चष्मा नाकावरून घसरला. मुलगा खुर्चीच्या टोकावर बसून सांगायला लागला. तो मूळचा फर्निचरच्या दुकानातला. घड्याळाच्या त्या जाहिरातीसाठी सोफा हवा होता, तो पोचवायला हा स्टुडिओत गेला. ज्याचा फोटो काढायचा तो मॉडेल काही आला नाही. फोटोग्राफरनं याच्याकडे पाहिलं, शर्ट बदलायला लावला आणि सोफ्यामागे उभं केलं.

"माझी अक्कलदाढ येत होती, बाई. डावा गाल लाडवासारखा सुजलेला. त्यांनी उजवीकडून दिवा लावला, म्हणजे सूज दिसू नये."

"आणि तोंड मिटलेलं?"

"उघडतच नव्हतं."

"वर काय बघत होतास?" आत्याचा आवाज जरा बदलला होता.

"भिंतीवर घड्याळ होतं. दाढेच्या डॉक्टरांनी वेळ दिली होती आणि हे मला सोडेनात."

आई स्वयंपाकघरातून तोंडाला पदर लावून बाहेर आली. मी तर जमिनीवर बसले. त्या एका फोटोनं फोटोग्राफरचं नाव झालं होतं. मासिकांनी लिहिलं, या चेहऱ्यावर एका पिढीचं मूक दुःख आहे. मग पुढच्या प्रत्येक मुलाला तोच दिवा, तोच गाल, तीच नजर.

"आणि तू?" मी विचारलं.

"मला पुढे दोनतीनदा बोलावलं. पण दाढ काढल्यावर मला ते जमेना. ते म्हणाले, तुझ्यातली खोली गेली." तो मनापासून हसला. "खरं तर खड्डा पडला होता. मग मी आपला परत दुकानात. तिथे बरं आहे, लोक सोफ्याकडे बघतात."

आम्ही तिघी पोट धरून हसत होतो. आत्या हसली, पण मधेच थांबली. "तुझा फोटो प्रदर्शनात कुठे होता?"

"सगळ्यात पहिला. दाराजवळ."

"उद्या माझ्याबरोबर चल," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोदामात गर्दी नव्हती. आत्यानं खुर्ची पुन्हा त्या पहिल्या फोटोपुढे मांडली. बराच वेळ ती त्याच्याकडेच बघत बसली. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "खाली बघ. कडेला."

सोफ्याच्या पाठीवर एक हात होता. बोटं कापडात रुतलेली, नखं पांढरी पडलेली. इतरांचे हात गायब होते, याचा होता. आणि डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं, अगदी काठापर्यंत आलेलं.

"मी सगळ्यांना एकाच माळेत ओवलं," आत्या म्हणाली. "पहिल्याशी जास्त वेळ बसले असते तर बाकीचे त्याची नक्कल आहेत हे मला कळलं असतं. विनोद सुचला आणि मी बघायची थांबले."

एवढ्यात फोटोग्राफर आला. आत्याला पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली, फर्निचरवाल्याला पाहून दुसरी.

"याची दाढ दुखत होती हे तुम्हाला माहीत होतं?" आत्यानं सरळच विचारलं.

"कसली दाढ?"

"डावी."

तो फोटोकडे बघत राहिला. "गाल सुजलाय हे दिसत होतं. मला वाटलं मारामारी केली असेल. यानं सांगितलं नाही काही!"

"तोंड उघडत नव्हतं हो," फर्निचरवाला म्हणाला, "सांगणार कसं?"

 मग फोटोग्राफरच्या पोटातून आधी एक हुंकार आला आणि पाठोपाठ इतकं मोठं हसू, की पहारेकरी धावत आला. शेंडी सुटेपर्यंत तो हसला. "मूक दुःख!" तो म्हणत होता. "पिढीचं मूक दुःख!"

हसणं ओसरल्यावर आत्या म्हणाली, "हा फोटो चांगला आहे. तेव्हा समोर माणूस होता आणि त्याला जे होत होतं ते तुम्ही टिपलंत. नंतर तुम्ही मुलांकडे बघितलंच नाही, ह्या फोटोकडे बघत राहिलात."

हे त्याला झोंबलं. "लांबून बोलणं सोपं असतं, बाई. या ना स्टुडिओत. एखाद्याला तुम्ही उभं करा. बघू काय दिसतं."

आत्या कसली मागे हटतेय! ठरल्या दिवशी आम्ही गेलो. स्टुडिओत छतापासून फरशीपर्यंत राखाडी कागद सोडलेला, भोवती पांढऱ्या छत्र्या, वायरींचा गुंता. एका जाहिरातीसाठी आलेला मुलगा कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत फोनवर आईशी बोलत होता. "अगं हो, खाल्लं. नाही, उपाशी नाही. अगं, शपथ." इतका गोड, बावळट चेहरा. आत्यानं मला कोपरखळी मारली, "बघ, हा काढायचा."

तो येऊन कागदापुढे उभा राहिला. आत्यानं कॅमेरा डोळ्याला लावला मात्र, मुलाची हनुवटी वर गेली, ओठ मिटले, हात खिशात गेले, नजर छताला.

"मी तुला काही म्हणाले का?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"यांनी?"

"नाही."

"मग हे काय केलंस?"

मुलगा गोंधळला. "फोटो काढताय ना? फोटोत असंच दिसायचं असतं."

आत्यानं प्रयत्न खूप केले. त्याला आईबद्दल विचारलं, शाळेतली गोष्ट सांगितली, बूट काढायला लावले. कॅमेरा खाली असला की तो खळखळून हसायचा, वर आला की राजपुत्र. तिचे फोटो तर विचारू नका. अर्ध्यांत मुलाला कपाळ नव्हतं आणि उरलेल्यांत तिचं स्वतःचं बोट. फोटोग्राफर खुर्चीवर उलटा बसून ते एकेक बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. "किती द्यायचे, बाई?"

"पाऊण," आत्या म्हणाली. "तोही बोट बऱ्यापैकी उजेडात आलंय म्हणून."

त्या रविवारी तिनं दुसरा लेख लिहिला. पहिल्या फोटोवर अन्याय झाला हे आडपडदा न ठेवता कबूल केलं, हाताबद्दल लिहिलं, आणि दाढेचा किस्सा मुलाच्या परवानगीनं सांगून टाकला. पुढे लिहिलं, 'मी सारं खापर फोटोग्राफरच्या माथी फोडलं. पण हा चेहरा मुलांना तो देत नाही, मुलं तो घरून घालून येतात. पुरुष असाच दिसतो, हे त्यांनी रोज चौकात मान वर करून पाठ केलंय. हा चेहरा उतरवून घ्यायला वेळ लागतो, आणि जाहिरातवाल्यांकडे नेमका तोच नसतो.' बाकीच्या चित्रांचे गुण मात्र तिनं तसूभरही वाढवले नाहीत. उलट प्रकाशातला अर्धा कापला.

मला वाटलं, आता हा माणूस कायमचा तुटणार. पण काही दिवसांनी तो आमच्या घरी आला, बगलेत मोठं पाकीट. जेवणाचं टेबल आवरायच्या आत त्यानं फोटो पसरले. जाहिरातींची कामं चालूच होती, पोट होतं ना मागे. पण आता काम संपलं की तो मुलांना थांबवून घ्यायचा. गप्पा मारत बसायचा, त्यांच्याकडून दिवे उचलून घ्यायचा, कॅमेरा कुठेतरी बाजूला. सुरुवातीचे फोटो फसलेलेच होते. आत्या म्हणाली, "हे सगळे एखाद्या मावशीच्या तावडीत सापडल्यासारखे दिसतायत. आधी राजपुत्र होते, आता गरीब गाई झाल्या."

"काहीच कसं चालत नाही हो तुम्हाला?"

"गाय चालेल की. पण खरी पाहिजे."

मग हे नेहमीचंच झालं. तो यायचा, दोघं भांडायची, आई चहाचे कप फोटोंपासून लांब ठेवता ठेवता मेटाकुटीला यायची. कधी बोलता बोलता ती त्याला 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, तिचं तिलाही कळलं नाही. फर्निचरवाला एकदा येऊन आमच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय बसवून गेला. "इतक्या जोरात मुठी आपटता," तो म्हणाला, "एक दिवस बसेल खाली."

अशाच एका संध्याकाळी फोटोग्राफरनं एकच फोटो आणला. दोन भाऊ. एक स्टुलावर बसलेला, दुसरा त्याच्या केसांतला गुंता फणीनं सोडवतोय. बसलेल्याचा एक डोळा कळ आल्यानं मिटलेला, फणीवाल्याची जीभ दातांत. उजेड साधा, खिडकीचा असावा.

एरवी फोटो तपासायला आत्या भिंग काढायची, या वेळी काढलं नाही. फोटो हातात घेऊन ती बघत राहिली. फोटोग्राफर नखं खायला लागला.

"यातला थोरला कोण?" तिनं विचारलं.

"फणीवाला."

"छे! बसलाय तो थोरला. बघ कसा हुकूम सोडतोय."

"बाई, मी त्यांना ओळखतो!"

"ओळख तू. मला नको सांगूस. धाकटा असता तर एव्हाना उठून पळाला असता."

बाबा चष्मा शोधत आले, त्यांनीही बसलेल्याची बाजू घेतली. मी फणीवाल्याची. आवाज ऐकून आई हात पुसत आली, चौघांच्या खांद्यांवरून वाकून तिनं फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "जुळे असतील. पण या फणीवाल्याला सांगा कोणीतरी, गुंता खालून सोडवतात, वरून ओढत नाहीत. रडेल तो पोरगा."