सहा कळ्यांचं पॅराशूट

ओहायोमधल्या डब्लिनला राहायला येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. नवरा ऑफिसला गेला होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कोथिंबीर निवडत उभी होते, आणि शेजारच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ डोक्यावरून दोरी गरगर फिरवत होते. दोरीच्या टोकाला काहीतरी लाल-पांढरं बांधलेलं होतं. चार-पाच फेरे झाले की ते थांबायचे, धापा टाकायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. मी नवऱ्याला फोन केला.

"अगं, एक्सरसाइज करत असतील," तो म्हणाला. "मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू?"

मला काही तो व्यायाम वाटेना. ऐंशीच्या घरातला माणूस, आजूबाजूला कोणी नाही. चपला अडकवल्या आणि गेले. वाटेत एकच इंग्रजी वाक्य मनात घोकत होते: तुम्ही ठीक आहात ना?

ते ठीक होते. उलट प्रेक्षक मिळाल्यामुळे खूश झाले. दोरीच्या टोकाला हातभर लांबीचं पुठ्ठ्याचं रॉकेट होतं. "हे बघ," ते म्हणाले, "फिरताना याचं नाक पुढं राहतंय का ते बघायचं. राहिलं तर वर सरळ जाईल. नाही राहिलं तर कुठं जाईल ते मलाही सांगता यायचं नाही." मग दोरी माझ्या हातात दिली. "तू फिरव. माझा खांदा भरून आलाय."

मी पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी कमरेला खोचून, परक्या माणसाच्या अंगणात रॉकेट फिरवलं. पोस्टमन गाडी थांबवून बघत होता. नाक पुढं राहिलं.

मी मूळची अमरावतीची. तिथल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मी सहा वर्षं डेमॉन्स्ट्रेटर होते. इथं माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, आणि दिवसभर घरात काय करायचं हे मला खरोखरच कळत नव्हतं. भांडी घासून झाली की पुन्हा घासावीशी वाटायची. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणापलीकडून "शिवता येतं का?" असं विचारलं, तेव्हा मी जरा जास्तच जोरात "हो" म्हणाले.

त्यांना नावानं हाक मारणं मला जमेना. इथं सगळे मारतात, पण माझ्या तोंडून निघेचना. म्हणून मी त्यांना काका म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर त्यांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला आणि पुढच्या वेळी फोनवर "काका बोलतोय" असंच म्हणाले.

त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. त्यामुळे पॅराशूट शिवणं त्यांना आताशा जड जात होतं. त्यांनी मला पातळ नायलॉनचा तागा दिला आणि जुना नमुना दाखवला. एक गोल कापड, कडेला सहा दोऱ्या. मी ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे सपाट आहे," मी म्हणाले.

"पॅराशूट सपाटच कापतो आम्ही."

"पण उघडल्यावर त्याला घेर यायला हवा ना? आमच्याकडे साडीच्या आत घालायचा परकर असतो. तो घेरदार हवा असला की कळ्या कापतात. वर निमुळती, खाली रुंद. सहा कळ्या जोडल्या की आपोआप घेर येतो."

दोन दिवसांनी मी सहा कळ्यांचं पॅराशूट शिवून नेलं. मधोमध कळ्यांची टोकं नीट जुळेनात, म्हणून तिथं रुपयाएवढं भोक ठेवून कडेनं शिवण मारली होती. ते कसं लपवावं या विचारात होते. काकांनी पॅराशूट खिडकीच्या उजेडात धरलं आणि त्या भोकातून माझ्याकडं पाहिलं.

"हे भोक मुद्दाम ठेवलंस?"

"नाही," मी खरं ते सांगितलं.

"हवा इथून निघून जाते. नाहीतर पॅराशूट झोके खातं. हे असंच पाहिजे." मग त्यांनी ती शिवण बोटानं चाचपली आणि विचारलं, "तुझं शनिवारी काही काम आहे?"

काम कसलं असणार? शनिवारी मी त्यांना गाडीतून घेऊन निघाले. त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, आणि माझं लायसन्स नवंकोरं होतं. पाऊण तासाच्या रस्त्यात मी एकदाही डावीकडं-उजवीकडं पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. बोटांची गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली.

सोळाव्या वर्षी वडिलांच्या गॅरेजमध्ये ते लोखंडी नळीत दारू ठासून रॉकेट करत होते. नळी हातातच फुटली. आई टॉवेल घेऊन धावत आली. त्या काळात गावोगावची मुलं हेच करत होती, असं ते म्हणाले. सगळ्यांनाच आकाशात काहीतरी सोडायचं होतं आणि कसं सोडायचं ते कोणीच सांगत नव्हतं. पुढं ते शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झाले. पण संध्याकाळी दोन मित्रांबरोबर स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून त्यांनी एकच काम धरून ठेवलं: मुलांना इजा होणार नाही असं रॉकेट करायचं. नळी पुठ्ठ्याची, धातू कुठंच नाही. इंजिन तयार मिळणारं, घरी दारू कालवायची नाही. पेटवायचं ते लांब उभं राहून, बॅटरीच्या बटणानं. आणि खाली यायचं ते पॅराशूटनं. त्यांनी हे सगळं एका पानावर सोप्या भाषेत लिहिलं, आणि ते पान शाळाशाळांतून गेलं.

"मी पुष्कळ लिहिलंय," काका म्हणाले, "पण सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते हे एक पान."

"पुष्कळ म्हणजे काय लिहिलंय?"

"पुढं उजवीकडं वळायचंय. आत्ताच. आत्ताच!"

मी वळले. तो विषय तिथंच राहिला.

सोयाबीन काढून झालेलं शेत होतं. पंधरा-वीस माणसं, बहुतेक निवृत्त, घड्या घालायच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन रॉकेट उडवायला आली होती. काकांना बघून सगळे उठले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझे शेजारी या मंडळींत कोण आहेत. एक बाई त्यांच्या खुर्चीवर पडलेला पाला झटकत होत्या. काकांनी माझी ओळख करून दिली: "पॅराशूट हिनं केलंय." एवढंच.

बटण मी दाबलं. सुस्सकन आवाज झाला आणि रॉकेट गेलं. "उडालं" म्हणेपर्यंत ते ठिपका झालं होतं. मग वर एक पुसट ठस्स, आणि माझा नारिंगी परकर आकाशात उघडला. अजिबात झोके न खाता, अगदी सावकाश तो खाली येत राहिला. मी मराठीत ओरडले, "उघडलं! उघडलं!" तिथल्या कुणाला समजलं नसेल, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला वरण-भात वाढता वाढता इतकं बोलले, की तो म्हणाला, "इथं आल्यापासून पहिल्यांदा तुझा आवाज ऐकतोय."

सगळीच उड्डाणं अशी झाली नाहीत. मार्चमधल्या एका गारठ्यात मी पॅराशूटला पावडर लावायची विसरले. थंडीत कापडाचे थर एकमेकांना चिकटतात, म्हणून घडी घालताना साधी टाल्कम पावडर भुरभुरायची असते. पॅराशूट गोळा होऊन तसंच खाली आलं आणि रॉकेट जमिनीत नाकावर रुतलं. काकांनी ते सहा आठवडे खपून रंगवलं होतं. मला रडू यायला लागलं. काकांनी पिशवीतून एक वही काढली. तरुणपणापासूनच्या प्रत्येक उड्डाणाची नोंद ते करत आले होते, आणि शेवटचा रकाना होता, "का पडलं". पेन माझ्यापुढं धरलं. मी लिहिलं, "घाई केली. पावडर विसरले." त्यांनी मागची पानं चाळून दाखवली. त्या रकान्यात त्यांच्या अक्षरात तीन ठिकाणी तेच होतं.

त्यांचं बाकीचं लिखाण मला सापडलं ते त्यांच्या तळघरात. नायलॉन शोधायला गेले होते आणि खोक्यात जुनी मासिकं निघाली. कव्हरवर हिरवे प्राणी, घुमटाखालची शहरं. टोपणनावानं लिहिलेल्या चाळीसेक विज्ञानकथा. मी एक खोकं घरी आणलं आणि दोन आठवडे दुपारी दुसरं काही केलं नाही. गोष्टी वेगवान होत्या. यानाचा पत्रा कसा तापतो, हातमोज्यात घाम कसा साठतो, हे त्यांनी असं लिहिलं होतं की माझ्या लॅबचा वास यायचा. पण एक गोष्ट मला टोचत राहिली, आणि कसं वाटलं असं त्यांनी विचारल्यावर मी ती बोलून गेले.

"काका, तुमच्या गोष्टींतल्या बायका एकतर कॉफी आणतात, नाहीतर पृथ्वीवर रेडिओजवळ बसून वाट बघतात."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मी थोड्या वेळानं उठून आले. पुढचे आठ दिवस कुंपणाकडं ते फिरकले नाहीत. मी नवऱ्याला म्हणाले, "उगाच बोलले यार मी."

"खोटं होतं का?"

"नाही."

"मग थांब की जरा."

नवव्या दिवशी ते आले. हातात टाइप केलेली सहा पानं. "माझी बायको," दारातच उभं राहून ते म्हणाले, "माझ्या प्रत्येक गोष्टीतली आकडेमोड तपासायची. यान किती दिवसांत पोचेल ते ती काढायची. मी गोष्टीत तिला कॉफी आणायला लावली. हे माझ्या आठ दिवसांपूर्वी लक्षात आलं." बायको जाऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती.

मी त्यांना आत बसवलं, पोहे केले. ती पानं म्हणजे एका नव्या गोष्टीची सुरुवात होती. गोष्टीतली बाई यानाचं गणित करणारी होती, आणि सहाव्या पानावर काका अडकले होते. "यान वाट चुकलंय. तिला एकटीलाच माहीत आहे. आता ती काय करेल?"

"आधी पुन्हा तपासेल," मी म्हणाले. "मग कुणाला सांगायचं ते ठरवेल. आणि तोवर सगळ्यांना जेवायला घालेल, कारण उपाशीपोटी अशी बातमी कुणी ऐकू नये."

"जेवायला तीच का घालेल?"

"बरोबर. त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी तिची असेल."

ते हसले आणि लिहून घेतलं. ती गोष्ट आम्ही दोघांनी दीड वर्ष रखडत पुरी केली. तीन मासिकांनी परत पाठवली, चौथ्या एका छोट्या मासिकानं छापली.

त्याच सुमारास मी मराठीत लिहायला लागले. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्यासाठी एक विज्ञानकथा दिली. काकांनी ती वाचून दाखवायचा हट्ट धरला.

"तुम्हाला एक शब्द कळणार नाही."

"तू वाच."

मी वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मध्ये एका ठिकाणी तू कंटाळलीस. आवाज पडला. तिथं बहुतेक इंजिन कसं चालतं ते सांगत असशील." मी पान उलटून पाहिलं. तिथं इंजिनच होतं. तो परिच्छेद मी काढून टाकला. अंक निघाल्यावर मंडळातल्या एक निवृत्त डॉक्टर मावशी हळदीकुंकवाला मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझ्या त्या गोष्टीतली बाई पुढं पोचते की नाही गं? मला झोप नाही त्या काळजीनं." एवढं मानधन मला आजवर पुरलं आहे.

मध्यंतरी मला कामाची परवानगी मिळाली. आता मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते. काकांची नजर मात्र गेली. डोळ्यांच्या मधोमध धूसर डाग आला, कडेचं तेवढं दिसतं. वर गेलेलं रॉकेट त्यांना दिसेनासं झालं तेव्हा आम्हाला वाटलं, शनिवार आता बंद होणार. पण ते येत राहिले. मी शेजारी उभी राहून सांगते, कुठवर गेलं, कुठं वळलं, वारा कुठं नेतोय. ते मान वर करून ऐकतात.

गेल्या वर्षी ते इथून दहा मिनिटांवर वृद्धांच्या संकुलात राहायला गेले. त्यांच्या मुलीनं घर आवरताना मला सांगितलं, काय हवं असेल ते घ्या. मी मासिकांची खोकी आणि शिवणाचं टेबल घेतलं. ते घर आता एका तेलुगू जोडप्यानं घेतलंय आणि अंगणात वांगी लावलीत. मी दर बुधवारी लॅब सुटली की काकांकडं जाते. एक्क्याण्णव वर्षांचे आहेत, जेवण बेचव असतं म्हणून कुरकुर करतात, माझ्या डब्यातली मेथीची भाजी सगळी खातात.

सध्या माझी पहिली कादंबरी चालू आहे आणि मी इंग्रजीत थोडक्यात सांगते तशी ती ते ऐकतात. परवा चौथ्या प्रकरणावरून आमचं भांडण झालं. माझ्या अंतराळस्थानकावर अडीचशे माणसं राहतात.

"कपडे कुठं वाळत घालतात?" काकांनी विचारलं.

"मशीन आहे."

"अडीचशे माणसांना? वीज किती लागेल?"

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, तर तो लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला, "बाहेरच्या बाजूनं दोरी बांध ना." मी त्याच्यावर उखडले, पण नंतर वही घेऊन बसले. बाहेर निर्वात, ऊन कडक, पाणी उडून जायला कितीसा वेळ लागणार? मात्र ओलं कापड आधी गोठेल, कडक होईल, आणि आत आणताना मोडायचं. आकडे मांडते आहे. बुधवारच्या आत उत्तर काढायचं आहे.