टेप चालू आहे

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं गाणी पुष्कळ आहेत आणि ती मी नाइलाजानं ऐकलेली आहेत. एकेचाळीस कॅसेटी, प्रत्येक नव्वद मिनिटांची. एवढा वेळ मी माझ्या नातवंडांनाही दिलेला नाही.

हे सगळं किशनरावांमुळं. किशनराव आमच्या हैदराबादच्या ऑफिसातले आवक-जावक कारकून. मी त्याच खोलीत, पलीकडच्या टेबलावर. ते बिलोलीकडचे, मी देगलूरकडचा, आणि बाकी सगळं ऑफिस तेलुगूत बोलणारं. त्यामुळं तीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांच्या वाट्याला आलो. ते सकाळी "जयभीम, एकनाथराव" म्हणायचे, मी "नमस्कार" म्हणायचो, आणि मग दिवसभर मी त्यांची टर उडवायचो. टर उडवण्यासारखं त्यांच्यात एकच होतं, हिम्मतरावांचं वेड.

हिम्मतराव म्हणजे गायन पार्टीवाले. ढोलकी, हार्मोनियम, मागं चार कोरसवाले आणि पुढं हे, पांढऱ्या कोटात. एप्रिलमध्ये जयंती लागली की मे संपेपर्यंत त्यांचे कार्यक्रम चालायचे. नांदेड, बिदर, भालकी, आणि दरवर्षी एकदा तरी इथं हैदराबादेत, गौलीगुड्याच्या वस्तीत. किशनराव वर्षभराच्या रजा साठवून त्या दोन महिन्यांत उधळायचे. एकदा मी विचारलं, "दरवर्षी तीच गाणी, तोच माणूस. काय मिळतं हो तुम्हाला?" ते टपालाच्या पाकिटाला डिंक लावत होते. म्हणाले, "आमच्या बापानं जन्मभर हळू आवाजात बोलून काढलं, एकनाथराव. हिम्मतराव गातात तेव्हा वाटतं, आमच्याच घरातलं कुणीतरी कर्ण्यावर मोठ्यानं बोलायलंय."

ते ऐकून थांबत नसत, रेकॉर्डही करत. त्याचे त्यांचे कायदे होते. कॅसेटीला नंबर, कार्डावर तारीख, गाव आणि गाण्यांची यादी, आवक-जावकच्या वहीत लिहावं तशा अक्षरात. वाजवून झाली की कॅसेट उलटी फिरवून पार सुरुवातीला आणायची आणि मगच डबीत ठेवायची. मंचावरून बक्षीस देणाऱ्यांची नावं पुकारायला लागले की बटण दाबून टेप थांबवायचा. नावांसाठी टेप खर्च करायचा नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा, रेकॉर्डिंग चालू असताना जवळ कुणी बोलायचं नाही.

त्र्याण्णव साली त्यांनी मला गौलीगुड्याच्या कार्यक्रमाला ओढून नेलं होतं. तिथं मी एक गोष्ट पाहिली. टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवला तर ढोलकीचे धक्के बसतात, म्हणून तो त्यांच्या बायकोच्या, विठाबाईंच्या मांडीवर असायचा. सगळी वस्ती टाळ्या वाजवत होती, बाया धृपद उचलत होत्या, आणि विठाबाई दोन्ही हातांनी ते यंत्र धरून देवळातल्या मूर्तीसारख्या बसल्या होत्या. मला वाटलं, या बाईलाही माझ्यासारखंच गाण्यातलं काही कळत नसणार. मनातल्या मनात मला बरं वाटलं होतं.

दोन हजार चार साली विठाबाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनात स्वरयंत्रच काढावं लागलं. बाई वाचली, आवाज गेला. त्यानंतर वीस वर्षं ती जगली. खुणांनी बोलायची, नाहीतर टाळी वाजवून हाक मारायची. एक टाळी म्हणजे किशनराव, दोन टाळ्या म्हणजे मुलगी सुमेधा. दुपारची कामं आटोपली की टेपरेकॉर्डर लावून बसायची. किशनराव ऑफिसात कौतुकानं सांगायचे, "आता तिलाबी नाद लागला. रोज एक कॅसेट ऐकते."

गेल्या वर्षी मार्चमध्ये विठाबाई गेल्या.

सुमेधा गच्चीबावलीला सॉफ्टवेअर कंपनीत असते. तिची पोरगी रोशनी, आठ वर्षांची. या दिवाळीच्या सुट्टीत ती आजोबांकडं आली आणि आजीच्या फोटोकडं बघत तिनं विचारलं, "आजोबा, आजी की आवाज कैसी थी? पतली क्या मोटी?"

किशनरावांनी तोंड उघडलं आणि त्यांना काही सांगता येईना. त्यांनी सुमेधाकडं पाहिलं. सुमेधा म्हणाली, "मला शब्द आठवतात बाबा. ओरडायची ते आठवतं. आवाज नाही आठवत आता."

फोनमध्ये विठाबाईंचे शेकडो व्हिडिओ, सगळे मुके. नात्यातल्या लग्नांच्या जुन्या व्हिडिओंवर सिनेमाची गाणी चढवलेली. किशनराव दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणगुड्याला माझ्या घरी आले. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण खालीवर लागलेलं. पद्मावतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाणी दिलं तर ते हातातच राहिलं.

"तिच्या मांडीवर होता हो टेप," ते म्हणाले. "वीस वर्षं. त्रेसष्ट कॅसेटी. कुठंतरी ती बोलली असंलच की. खोकली असंल. सुमेधाला दटावलं असंल."

"मग ऐका की."

"मला नाही येत ऐकू." त्यांनी उजव्या कानातलं मशीन काढून माझ्यासमोर ठेवलं. "डॉक्टर म्हणते, तुमचे बारीक आवाज गेले. बायकांचे, पोरांचे. ह्याच्यानं भांडी वाजलेली कळतात, माणूस नाही कळत. गड्याचा जाडा आवाज तेवढा येतो, तोबी वर्षभर येईल का नाही, काय की. मी परेशान झालो, एकनाथराव. तुमचे कान चांगले हाइत. मार्चमध्ये तिला वर्ष होतं. तवर मला शोधून द्या."

माझे कान चांगले आहेत हे खरं आहे. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणी माझी निंदा केली तरी मला ऐकू येते. नाही म्हणायचं मनात होतं, पण नाही म्हणायला जीभ उचलली नाही.

रोज दुपारी दोनला मी त्यांच्या गौलीगुड्याच्या दोन खोल्यांत जायला लागलो. बेगम बाजारातून आणलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी पत्र्याची पेटी, तीत ओळीनं कॅसेटी. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता, तो कोटी बाजारातल्या गल्लीतून बसवून आणला. मी कानाला हेडफोन लावायचा आणि किशनरावांनी समोर बसून माझ्या तोंडाकडं बघायचं. मी नुसती भुवई हलवली तरी विचारायचे, "हाय का?" मी मान हलवायचो. नाही.

कॅसेट नंबर एक, नाही. सात, नाही. पंधरा, नाही. ढोलकी, हिम्मतराव, कोरस. आणि जिथं माणसं बोलायला लागणार तिथं खट. टेप बंद. पुन्हा खट, पुढचं गाणं. माणसांचं म्हणून जे काही होतं ते या गृहस्थानं नेमकं कापून टाकलं होतं. विसाव्या कॅसेटीला माझा संयम सुटला. "किती हो नेमानं बटण दाबलंत!" मी ओरडलो. "एकदा तरी हात विसरायचा होता!"

किशनराव उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेलो, तर ते मोरीच्या कट्ट्याशी उभे राहून ज्या अंगठ्यानं बटण दाबायचे तो अंगठा कट्ट्यावर आपटत होते. मी त्यांचा हात धरला. माझ्या जिभेची मला लाज वाटली.

जानेवारी संपला. तिसाव्या कॅसेटीच्या पुढं टेप जागोजागी खराब झाला होता, आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येत होता. दोन कॅसेटी यंत्रात अडकून तुटल्या. किशनरावांचं जेवण निम्म्यावर आलं. सुमेधा फोनवर मला म्हणाली, "काका, तुम्ही तरी त्यांना सांगा, सोडून द्या म्हणून." मी सांगितलं. ते म्हणाले, "माझा कान जाईल, ह्या कॅसेटी जातील. मग ती होती ह्याला पुरावा काय?" मी पुढची कॅसेट लावली.

एकेचाळीस नंबरची कॅसेट मी फेब्रुवारीत काढली. ती मधेच थांबलेली होती, म्हणून कायद्याप्रमाणं उलटी फिरवून सुरुवातीला आणली आणि लावली. कार्डावर लिहिलं होतं, गौलीगुडा, मे १९९३. म्हणजे मी होतो त्या कार्यक्रमाची. दुसऱ्या बाजूला, निम्म्यात, हिम्मतराव आईच्या पाटी-पेन्सिलीचं गाणं म्हणत होते. दोन कडव्यांच्या मधे ढोलकी जरा थांबली.

"अहो..."

बाईचा आवाज. अगदी जवळून. आणि त्याला चिकटूनच पुरुषाचा, दबका, खेकसल्यासारखा: "गप गं! टेप चालू आहे."

मग बांगड्या किणकिणल्या, एकदाच. मग पुढचं कडवं.

मी तो आवाज ओळखला. "चहा टाकू का, भावजी?" असं मला किती वेळा विचारलेला आवाज होता तो. जरासा खरखरीत, शेवटाला वर जाणारा. मी फिरवून पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. किशनराव उभे राहिले होते.

"हाय का? हाय ना?"

मी हेडफोन काढून त्यांच्या कानांवर चढवला, आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला आणि बटण दाबलं.

त्यांचा चेहरा आधी उजळला, मग पडला. "हा तर मीच हाय."

"त्याच्या आधी."

पुन्हा लावलं.

"आधी काही नाही. मीच हाय. गप म्हणायलोय."

"त्याच्या आधी 'अहो' म्हणाल्या त्या. विठाबाईच. शंभर टक्के."

अकरा वेळा लावलं. अकराही वेळा त्यांना त्यांचा स्वतःचाच आवाज ऐकू आला. शेवटी ते हेडफोन कानावर दाबून धरून रडायला लागले. मोठ्यानं. स्वतःचा आवाज किती मोठा होतोय हे त्यांना कळत नव्हतं. "काय सांगायचं असंल हो तिला? काय सांगत होती? पाणी पाहिजे असंल? सुमेधा पेंगायली असंल?"

मी कॅसेट काढायला गेलो आणि तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. बाकी सगळ्या कॅसेटी सुरुवातीला आणून ठेवलेल्या होत्या. ही एकच मधे थांबलेली होती, दुसऱ्या बाजूला, निम्म्यात. किशनराव असं कधी ठेवणार नाहीत. मी हे बोलायला नको होतं, पण बोलून गेलो.

किशनरावांनी कॅसेट माझ्या हातातून घेतली. "म्हणजे शेवटी हिनंच लावली होती," ते म्हणाले. "दवाखान्यात जायच्या आधी. रोज दुपारी हेच शोधत बसायची का हो ती? मी म्हणायचो, नाद लागला. तिला सापडलं होतं, एकनाथराव. सापडलं ते हे."

त्या दिवशी घरी आल्यावर पद्मावती तिच्या बहिणीच्या सुनेबद्दल अर्धा तास बोलली. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मार्चमध्ये विठाबाईंचं वर्ष झालं. फोटोला फुलं, मेणबत्त्या, भन्तेजी येऊन वंदना घेऊन गेले. पंधरा-वीस माणसं होती. सुमेधानं तो तुकडा कॉम्प्युटरवर साफ करून आणला होता. गर्दी काढली, ढोलकी काढली. तिनं छोटा स्पीकर फोटोजवळ ठेवला आणि सगळ्यांना गप राहायला सांगितलं.

"अहो..."

सुमेधानं पुन्हा लावलं, आणि तिसऱ्यांदा. तिनं पदर तोंडावर घेतला. रोशनी हळूच तसंच म्हणून बघत होती, "अहो, अहो," शेवटाला आवाज वर नेत. बायका डोळे पुसायला लागल्या.

किशनराव हात कानामागं धरून स्पीकरकडं बघत बसले होते. थोडं पुढं वाकून, अगदी तयारीनं.

"लाव ना, पोरी," ते म्हणाले.

सुमेधानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "लावलं, बाबा. तीनदा."

किशनरावांनी सगळ्यांचे ओले चेहरे पाहिले. "आणि माझं कुठं गेलं? ते 'गप गं'?"

"ते मी काढून टाकलं, बाबा. आजच्या दिवशी बरं वाटेना."

"नक्को गं, नक्को." ते घाईनं उठायला लागले, तोल गेला, मी धरलं. "परत घाल ते. ते आलं की मला कळतं, आत्ता ती बोलली. ते काढलं तर मला तिथं कुणीच नाही."

सुमेधाला ते लगेच परत घालता येईना, मूळ तुकडा तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर होता. मी आत जाऊन जुना टेपरेकॉर्डर आणला आणि किशनरावांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. एकेचाळीस नंबर घातली, जागेवर आणली, आवाज पूर्ण केला आणि बटण दाबलं. हिम्मतराव, ढोलकी, मग ती जराशी थांबलेली जागा. खोलीनं आधी तिला ऐकलं, मग त्यांना. गप गं, टेप चालू आहे.

किशनरावांनी मान वर करून मला विचारलं, "बोलली ना?"

"बोलली," मी म्हणालो.