एकेचाळिसावी मुलगी

दुपारचे तीन वाजत आलेत. विश्रामराव खैरनार खाटेवर आडवे आहेत, छातीवर चार पानांचा लेख. झोपायचं नाही असं ठरवूनच ते आडवे झालेत, कारण पाचला लेख छापखान्यात जायचा आहे. बाईंना जाऊन वर्ष होतंय. मुलींची शाळा आपल्या हेडबाईंची स्मरणिका काढतेय, आणि लेखासाठी सगळ्यांनी बोट दाखवलं ते यांच्याकडे. बाईंचे धाकटे दीर, शिवाय जन्मभर वाचनालय सांभाळलेलं. पुस्तकं वाचणाऱ्याला लिहिताही येतं असा लोकांचा उगाच समज असतो. पण नाही म्हणायलाही धाडस लागतं.

लेखातलं एक वाक्य घशात काट्यासारखं अडकलंय. 'गावातली एकही मुलगी बाईंनी मॅट्रिक झाल्यावाचून राहू दिली नाही.' वाक्य कसं गोल गरगरीत उतरलंय. आणि खोटं आहे.

कूलर घरघरतोय. घरघरता घरघरता तो बे एके बे म्हणू लागतो, बे दुणे चार, मुलींच्या आवाजात.

"आज नवीन काय कळलं?" बाई विचारतात.

त्या उशाशी बसल्यात. शाळेची पांढरी सुती साडी, पदर खोचलेला. बाई आता नाहीत हे विश्रामरावांना ठाऊक आहे, पण ते तोंडावर बोलून दाखवणं बरं दिसणार नाही, असं त्यांना वाटतं.

हा प्रश्न सुटल्याशिवाय या घरात ताटात भाकरी पडत नसे. पोरंसोरं, पाहुणेरावळे, खुद्द थोरले भाऊसुद्धा आधी काहीतरी सांगत, मग जेवत. विश्रामराव लाजरे, त्यांची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नेहमी गार व्हायची. आताही समोर ताट आहे. खाट कुठे गेली कोण जाणे. स्वयंपाकघर आहे, चुलीमागच्या भिंतीवर फळा आहे, आणि पंगतीत दोन वेण्यांच्या मुली मांडी घालून बसल्यात. ताटांत उत्तरपत्रिका वाढलेल्या.

"काही नाही कळलं, बाई."

"एकोणऐंशी वर्षांचा घोडा झालास, तरी तेच उत्तर!" बाई लाल पेन्सिलीने लेख तपासू लागतात. "'ज्ञानदीप'. 'अखंड तेवणारी ज्योत'. अरे, मी माणूस होते की समई? दहापैकी चार."

"चारच?"

"तेही अक्षराचे."

पंगत फिदीफिदी हसते. बाई हजेरी घेऊ लागतात तसं स्वयंपाकघर लांबत जातं. फडताळांत बरण्यांच्या जागी पुस्तकं येतात, पाटांची बाकं होतात. अडतीस, हजर. एकोणचाळीस, हजर. चाळीस, हजर.

"एकेचाळीस. प्रमिला खैरनार."

शेवटच्या बाकावर एक ताट पालथं आहे.

विश्रामरावांच्या कपाळावर गार पाण्याची पट्टी पडते. तो हात त्यांच्या ओळखीचा आहे. सव्विसाव्या वर्षी, ऐन मार्चात, त्यांना विषमज्वर झाला होता. बाई चाळीस मुलींना घेऊन परीक्षेच्या गावी गेल्या, आणि वर्गात पहिला नंबर न सोडणाऱ्या स्वतःच्या लेकीला म्हणाल्या, काकांजवळ तू थांब, पुढच्या वर्षी बस. पुढच्या वर्षी प्रमिलाचं लग्न झालं.

"का गैरहजर ती, विश्राम?"

"माझ्यामुळे, बाई."

"तुझ्यामुळे कसली? ताप काय कुणी मागून घेतो? शेजारची सरूआजी तुझ्याजवळ बसायला तयार होती. पण मी म्हटलं, आपली पोर हुशार, ती काय, केव्हाही पास होईल." लाल पेन्सिल थांबते. "दुसऱ्याच्या मुलीबद्दल असं बोलायची कुणाची छाती झाली नसती माझ्यापुढे."

"मग मी हे लेखात लिहू? लोक काय..."

"तू लिहिशील रे. पश्चात्तापाच्या चार ओळी, की झाला मोकळा. तिला विचारलंस कधी?"

"नाही." विश्रामराव घुटमळतात. "तुम्ही?"

बाई दाराबाहेर बघतात. नदी गावापासून दोन कोसांवर, पण आत्ता ती उंबऱ्याशी संथ वाहतेय.

"शेवटी शेवटी तीच माझे केस विंचरायची," बाई म्हणतात. "ती मागे, मी पुढे. तोंड दिसत नव्हतं, विचारणं सोपं होतं. रोज म्हणायचे, आज विचारते. हेडबाई ना मी! लाज वाटली."

"मलाही नाही जमायचं, बाई. मी तसला माणूसच नाही. शब्द ऐनवेळी..."

बाई वाकतात, त्यांचा डावा कान धरतात आणि चौथीत गणित चुकल्यावर पिळायच्या तसा पिळतात. सावकाश, पुरेपूर.

"आई गं!"

"काका! अहो काका, चहा."

उशाशी प्रमिला उभी आहे. सत्तरीला टेकलेली, नवरा गेल्यापासून माहेरीच राहणारी.

"ओरडताय काय? आणि हा कान?" ती वाकून बघते. "अगंबाई, लालबुंद झालाय की! वळ उठलेत बोटांचे. या वयात कुणी पिळला तुमचा कान?"

विश्रामराव उठून बसतात.

"प्रमिला, ती मॅट्रिकची परीक्षा... तू माझ्याजवळ थांबलीस... तुला काय वाटलं गं तेव्हा?"

प्रमिला कपबशी पुढे करते.

"आता काय त्याचं? चहा घ्या, निवेल."

"निवू दे."

ती दारापर्यंत जाते. चौकटीला हात लावून उभी राहते. मग परत येते आणि खाटेच्या पायथ्याशी बसते.

"मराठीचा पेपर होता पहिला," ती म्हणते. "अकराला तिकडे घंटा झाली असेल, तेव्हा मी तुमची पट्टी बदलत होते. मनातल्या मनात अख्खा निबंध लिहिला मी, काका. तुम्हाला म्हणूनही दाखवला. तुम्ही तापात होतात."

"कशावर होता?"

प्रमिला सांगू लागते. आधी अडखळत, मग न थांबता. विश्रामराव लेख उलटा करून बाजूला ठेवतात आणि ऐकतात. डावा कान अजून ठणकतोय.