जळणाच्या ढिगातलं मुंगूस

ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांच्या वासानं ती माणसं आठवली. त्यांच्या पेट्यांना हाच वास होता. संग्रहालयात मांडायला पाखरं, जनावरं मारून त्यांत कापूस भरायची, आणि उतरली होती आमच्याच सोप्यात. घरामागच्या परड्यातल्या जळणाच्या ढिगात मुंगूस व्यालं होतं. ते द्यायचं सासऱ्यांनी कबूल केलं. त्यांच्यापुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं, पण सकाळी बंदूक परड्यात आली, तशी मी जाऊन ढिगावर बसले. “ऊठ! पावण्यांस्नी शब्द दिलाय म्या,” सासरे ओरडले. “आवं मामंजी, बाळंतपणाला आलीया ती आपल्या दारात. लेकीला कुनी असं देतं व्हय?” ऊन डोक्यावर आलं तरी मी उठले नाही. शेवटी बंदूक खांद्याला लावून माणसं गेली. परवा नातीनं शहरातल्या संग्रहालयात काचेमागचं मुंगूस दाखवलं. असेल कुणाच्या दारातलं. आमच्या नव्हे.